सावलीचा एफएसआय

पुण्यात गाडीला सावली फुकट मिळते, माणसाला ती विकत घ्यावी लागते. टाळ्यांसाठी केलेलं हे विधान नाही. नियमावलीच तशी आहे. मुंबई आणि काही ठरावीक भाग सोडून उरलेल्या राज्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकच विकास नियंत्रण नियमावली आली. बिल्डरपासून नकाशा पास करून आणणाऱ्या पोरापर्यंत सगळे तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. तिच्यात इमारतीच्या बाहेरच्या कडेने एक रेषा धरतात, 'पी-लाइन'. रेषेच्या आत जे जे येईल ते बांधकाम क्षेत्रात धरायचं: खोल्या, भिंती, जिना, लॉबी आणि बाल्कनीसुद्धा. पार्किंगचे मजले मात्र यातून मोकळे. जिने-बाल्कन्यांची सोय म्हणून निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात बांधकाम करायची मुभा, मिळतो, पण प्रीमियम भरून. आता बिल्डरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पाच फुटी गॅलरी आणि पाच फूट वाढवलेली बेडरूम, दोन्ही मोजमापात सारख्याच धरल्या जाणार असतील तर तुम्ही काय बांधाल?

निसर्गाकडून शिकणारं, हवेला आणि इथल्या राहणीला धरून असणारं बांधकाम यावर पुण्यात बोललं भरपूर जातं. आर्किटेक्चर कॉलेजांत बोललं जातं, प्रदर्शनांत बोललं जातं, बाणेर-खराडीच्या होर्डिंगांवर तर बारमाही. पण ते सगळं बोलणं आकाराचं आणि शैलीचं असतं. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न मुळात हिशेबाचा आहे. सावली आपण खर्चाच्या रकान्यात मांडून ठेवली आहे. ती तिथून हलत नाही तोवर पानाच्या आकाराची छपरं आणि प्रवेशद्वारावर चढवलेल्या वेली यांनी कुणाच्या घरात वाऱ्याची झुळूक यायची नाही.

खरं तर आर्किटेक्टला पुण्याइतकं सोपं गिऱ्हाईक देशात क्वचित मिळेल. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंची. पाऊस घाटमाथ्यावर धो धो, शहरात येईपर्यंत बेताचा. थंडी अशी की घर तापवायची गरज नाही. त्रास काय तो मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा, आणि तोही विशिष्ट प्रकारचा. एप्रिलच्या दुपारी पारा ३८-४० वर, पण हवा कोरडी, आर्द्रता २०-२५ टक्के. रात्री तोच पारा २२-२३ पर्यंत उतरतो. दिवस-रात्रीत १५ अंशांची तफावत ही निसर्गाने दिलेली फुकटची सोय आहे: दिवसा घर मिटून घ्यायचं, रात्री उघडून टाकायचं, भिंती गार होऊ द्यायच्या आणि तो गारवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरवायचा. हवा कोरडी असल्यामुळे वाळ्याचे पडदे, माठ, अंगणातला सडा हे सगळं इथे खरोखर काम करतं. मुंबईत करत नाही.

ही सोय आता शहराच्या सगळ्या भागांत सारखी राहिलेली नाही. हवामान खात्याचे रोजचे आकडे बघणाऱ्याला हे ठाऊक असतं. पश्चिमेकडच्या पाषाण, एनडीएचं किमान तापमान खाली, आणि पूर्वेकडच्या मगरपट्टा, वडगावशेरीचं चांगलंच वर. शहर एकच, रात्र एकच. पूर्वेकडच्या पुण्यात भिंतींना गार व्हायला वेळच मिळत नाही, कारण भोवताली तापलेलं काँक्रीट, डांबर आणि हजारो एसींच्या बाहेरच्या युनिटांची फुंकर. प्रत्येकाने आपली खोली गार करायची आणि उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीत सोडायची, असा हा व्यवहार.

पण खरा मुद्दा घराच्या पश्चिम बाजूचा आहे, आणि तो जरा सावकाश समजून घ्यायला हवा.

पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या अखेरीला एकदा सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. मधले अडीच महिने तो दुपारी चक्क उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीची काळजी करायचं कारणच नाही. साधा दोन फुटी छज्जा मार्चच्या विषुवदिनी दुपारी खाली सहा फूट भिंत झाकतो. तोच छज्जा डिसेंबरमध्ये जेमतेम सव्वादोन फूट झाकतो, म्हणजे थंडीत ऊन आपसूक आत येतं. यंत्र नाही, सेन्सर नाही, वीज नाही. आता तोच दोन फुटी छज्जा पश्चिमेला लावा. मे महिन्यात पाच वाजता सूर्य क्षितिजापासून तीसेक अंशांवर, खिडकीच्या थेट समोर असतो. छज्जा वरचा फूटभर भाग झाकतो आणि उरलेलं ऊन पलंगावर येऊन बसतं.

मग पश्चिमेला खिडकीच ठेवू नये? इथेच पुण्याची गोम आहे. उन्हाळ्यात वारं येतं तेही पश्चिमेकडूनच. संध्याकाळी पाच-सहानंतर घाटाकडून येणारी ती झुळूक हीच तर पुण्याच्या हवेची जुनी ख्याती. आणि जूननंतर पावसाची झड येते तीही पश्चिम-नैर्ऋत्येकडून. ऊन नको, पाऊस नको, वारा मात्र हवा, आणि तिघेही एकाच दाराने येणारे.

या कोड्याचं उत्तर नव्याने शोधायची गरज नाही. खोली आणि उन्हाच्या मध्ये एक झाकलेली, बाजूने उघडी जागा ठेवायची. ओसरी म्हणा, पडवी म्हणा, चाळीची गॅलरी म्हणा, कँपातल्या बंगल्याचा व्हरांडा म्हणा. १८९२ च्या आगाखान पॅलेसभोवती जी प्रशस्त पडवी फिरते तीही तेच काम करते. पाच-सहा फूट रुंदीची गॅलरी पश्चिमेचं ऊन खोलीच्या भिंतीपर्यंत बराच काळ पोचू देत नाही. अगदी कलतं ऊन येतं त्यासाठी जाळी, झडपा किंवा नुसती बांबूची चीक पुरते. वारा अडत नाही, आणि जुलैच्या पावसातही आतली खिडकी सताड उघडी राहू शकते. शिवाय कुरडया वाळतात, कपडे वाळतात, म्हातारी माणसं बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द होतात. हवामान आणि संस्कृती असे दोन वेगळे विषय परिसंवादात असतात. गॅलरीत ते एकाच खुर्चीवर बसलेले असतात.

आणि नेमकी हीच जागा आपण हिशेबात सर्वांत महाग करून ठेवली आहे.

त्याचा परिणाम बघायला लांब जायला नको. आमच्या ओळखीतल्या एका घरी वडगावशेरीकडे मेमध्ये रात्री नऊ वाजता बसलो होतो. सातवा मजला, नवी इमारत, मोठी बेडरूम पश्चिमेला. भिंतीला हात लावला तर चपाती काढल्यानंतरचा तवा. घरमालक म्हणाले, "एसी बंद केला की दहा मिनिटांत भट्टी." यात गूढ काही नाही. हल्ली इमारती विटांनी रचत नाहीत, अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओततात. साइटवर त्याला 'मायवान' म्हणतात. सहा इंची अखंड काँक्रीटची भिंत, मजला आठ-दहा दिवसांत उभा. वेगासाठी उत्तम. पण काँक्रीटमधून उष्णता विटेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने वाहते, आणि भुरकट हलक्या एएसी ब्लॉकपेक्षा कितीतरी पट. सहा इंची काँक्रीटच्या भिंतीतून उष्णता आत यायला साधारण चार तास लागतात. म्हणजे साडेचार-पाचचं ऊन नऊ वाजता तुमच्या उशाशी. जुन्या वाड्याच्या दीड-दोन फुटी भिंतीत हाच प्रवास पहाटेपर्यंत चाले, आणि तोवर बाहेर गारवा आलेला असे.

त्यात वास्तूवाल्यांचं म्हणणं असं की घरातल्या कर्त्या माणसाची खोली नैर्ऋत्येला हवी. पुण्यातला प्रत्येक बिल्डर ते इमानेइतबारे पाळतो. दुपारनंतर अख्ख्या घरात सर्वांत जास्त तापणारा कोपरा हाच. जाड भिंती आणि बाहेर पडवी होती तेव्हा खपून गेलं. सहा इंची काँक्रीटच्या घरात कर्ता माणूस रात्रभर भाजून निघतो आणि ईएमआयही तोच भरतो.

खिडकीची कथा तर त्याहून विनोदी. सदाशिव-नारायण पेठेतल्या जुन्या घरांतली खिडकी आठवा. उभे लोखंडी गज, आणि झडपा चार: दोन खाली, दोन वर. दुपारी वरच्या उघड्या ठेवून खालच्या मिटायच्या, म्हणजे डोक्यावरची गरम हवा बाहेर जाते आणि चटका आत येत नाही. रात्री चारही उघडायच्या. घरातल्या आजीला यासाठी कुठलं ट्रेनिंग लागत नसे. आज सगळीकडे अ‍ॅल्युमिनियमचं स्लायडिंग. दोन काचांतली एक कायम दुसरीच्या मागे, म्हणजे खिडकी जेवढी दिसते तिच्या निम्मीच उघडते. विकत घेतली पाच फूट, हवा आली अडीच फुटांची. डासांची जाळी सरकवली की त्यातलीही थोडी गेली. बिजागरीच्या खिडकीला काय त्रास, तर म्हणे पडद्यात अडकते.

वाड्यांबद्दल इतकं चांगलं लिहिलं की लगेच कुणीतरी उसासा टाकतो, त्यामुळे हेही सांगून टाकतो: वाडे परत बांधावेत असं मला मुळीच वाटत नाही. विश्रामबागवाडा मी कुणालाही हौसेने दाखवतो. सागवानी खांब सुरूच्या झाडासारखे निमुळते घडवलेले, वर केळफुलं कोरलेली. दोनशे वर्षांपूर्वीच्या सुतारांनी झाड लाकडात परत आणलं आहे, आणि ते बघत राहावं असंच आहे. पण वाडा गार राहायचा तो केळफुलांमुळे नव्हे. चौकामुळे, जाड भिंतींमुळे, कौलाखालच्या माळ्यामुळे. निसर्गाची नक्कल खांबावर होती, निसर्गाशी व्यवहार छेदात, म्हणजे घराच्या उभ्या रचनेत होता. आणि तो गारवाही सगळ्यांना सारखा वाटलेला नव्हता. पुढचा हवेशीर सोपा पुरुषांचा. मागे धुराने काळं झालेलं स्वयंपाकघर आणि अंधारं माजघर बायकांचं. केशवपन केलेल्या विधवेच्या वाट्याला कुठली खोली येई ते पुण्याला सांगायला नको. कोणत्या जातीच्या माणसाने कुठल्या उंबऱ्यापर्यंत यायचं हेही त्या आराखड्यातच लिहिलेलं होतं. 'स्थानिक संस्कृतीला साजेसं' असं म्हणताना कुठली संस्कृती घ्यायची आणि कुठली मोडीत काढायची, हे ठरवावंच लागतं. मला चाळीची गॅलरी वाड्याच्या सोप्यापेक्षा जवळची वाटते ती यामुळे. ती कुणा एकाच्या मालकीची नसते.

लोकांनी वाडे सोडले तेही मूर्खपणाने नव्हे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाण्यात भिजून मातीच्या भिंती बसल्या. ज्यांनी ते पाहिलं त्यांचा पुढे आरसीसीवर विश्वास बसला असेल तर त्यांना दोष कसा द्यायचा? त्यात भाडेकरू-मालकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे दावे, तीस बिऱ्हाडांत एक संडास. फ्लॅट ही सुटका होती. फक्त त्या सुटकेत पडवीही सुटली. आणि चौकाचं काय झालं? त्याचा डक्ट झाला. बारा मजल्यांची ती चार-पाच फुटी विहीर, आत ड्रेनेजचे पाइप, एसीचं ठिबकणारं पाणी, कबुतरांची विष्ठा. नकाशावर तिचं नाव अजून 'व्हेंटिलेशन'. दुमजली घरात काम करणारा चौक बारा मजल्यांना जसाच्या तसा ओढला की हे असं होतं. म्हणूनच जुन्याची नक्कल हाही उपाय नव्हे.

नकलेवरून एक परदेशातलं उदाहरण सांगायलाच हवं, कारण निसर्गप्रेरित वास्तुकलेवर बोलणारा प्रत्येक वक्ता ते देतो आणि बहुतेक जण अर्धंच देतात. झिंबाब्वेची राजधानी हरारे इथे १९९६ मध्ये 'ईस्टगेट सेंटर' नावाची कचेऱ्या-दुकानांची मोठी इमारत उभी राहिली. वास्तुविशारद मिक पिअर्स. नेहमीसारखं एअर कंडिशनिंग तिथे नाही. कल्पना वाळवीच्या वारुळावरून घेतलेली. वारूळ आतलं तापमान हवा खेळवून कायम राखतं असा तेव्हाचा समज होता. इमारत चालली, आजही चालते, वीज खूप कमी खाते. पुढे वारुळांचा बारकाईने अभ्यास झाला तेव्हा दिसलं की तो समज बरोबर नव्हता. वारुळाच्या आतलं तापमान बरंचसं जमिनीच्या तापमानाबरोबर वर्षभर चढतं-उतरतं. उंच वारुळाचं काम मुख्यतः श्वास घेण्याचं, म्हणजे आतली शिळी हवा बदलण्याचं आहे.

प्रेरणा चुकीची, इमारत बरोबर! कारण इमारतीचं खरं इंजिन वारूळ नव्हतंच. रात्रीची गार हवा पंख्यांनी काँक्रीटच्या जड मजल्यांखालून फिरवायची, ते वस्तुमान गार करून ठेवायचं, दिवसा त्यावरून हवा खोल्यांत सोडायची आणि तापलेली हवा वरच्या धुराड्यांतून काढून टाकायची, एवढाच तो मामला. तो जमला कारण हरारे पठारावर आहे आणि तिथे दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत असते. नकाशा उघडा: हरारे विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १८ अंश, पुणं उत्तरेला साडेअठरा. त्यांची उंची आपल्यापेक्षा बरीच जास्त, त्यामुळे हवा अधिक सौम्य, हे खरं. पण युक्ती इथेही लागू पडणारी आहे. हिंजवडी-खराडीच्या किती आयटी पार्कांनी ती वापरली? तिथे पश्चिमेला नखशिखांत काच, आत पडदे ओढलेले, दिवे लावलेले आणि एसी इतका की मे महिन्यात पोरं स्वेटर घालून कोडिंग करतात. न्यूयॉर्कच्या थंडीत काचेने ऊन आत घेणं समजू शकतं. आपण उन्हाला आमंत्रण देऊन मग त्याला हाकलायचं बिल भरतो.

पुण्यात चांगली उदाहरणं नाहीत असं नाही. विद्यापीठाच्या आवारातलं आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र बघा. जयंत नारळीकरांची संस्था, चार्ल्स कोरिया यांची वास्तू. बाहेरून काळ्या दगडाच्या भिंती, आत कुंडासारखा पायऱ्यांचा उघडा चौक, त्यात आर्यभट ते आइनस्टाइन यांचे पुतळे, शेजारी फूकोचा लंबक. ना वाड्याची नक्कल, ना अमेरिकेची. तरी आपलं वाटतं. मुळशीकडे महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजसाठी ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी टेकडीचा उतार आणि तिथलाच दगड धरून केलेलं कामही तसंच. पण ही सगळी संस्थांची उदाहरणं झाली. भरपूर जागा, एक मालक, विकायची घाई नाही. मला चिंता आहे ती टू बीएचकेची. शहर त्यांचं बनलेलं असतं.

आणि टू बीएचके आर्किटेक्टच्या प्रतिभेने ठरत नाही, नियमांच्या तक्त्याने ठरतो. म्हणून तक्त्याकडे परत येऊ. सरकारला हवामान कळत नाही असं मी म्हणणार नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली आणि भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला एक कमाल मर्यादा घातली: दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅट. खिडकीचा उघडणारा भाग किती असावा हेही सांगितलं. 'उघडणारा' हा शब्द मला फार आवडला. स्लायडिंगचं पितळ तिथेच उघडं पडतं. पण संहितेच्या यादीत पुणं कुठे आहे? 'उष्ण-दमट' गटात, मुंबई आणि रत्नागिरीच्या पंगतीत. सोलापूर 'उष्ण-कोरडं', बंगळूर 'समशीतोष्ण'. हवामानानुसार बांधकामाच्या जुन्या वर्गीकरणात पुणं बंगळूरच्या शेजारी असायचं. जुलैमध्ये पुणं दमट असतं, मान्य. पण आपला जीव जातो तो एप्रिलमध्ये, आणि तेव्हा ते रत्नागिरीपेक्षा सोलापूरच्या जास्त जवळ असतं. दमट हवेचा नियम सांगतो, भिंत हलकी चालेल, वारा खेळवा. कोरड्या हवेचा नियम सांगतो, भिंत जड ठेवा, दिवसा मिटा, रात्री उघडा. पुण्याला दोन्ही लागतं, आळीपाळीने. असं शहर एकाच रकान्यात कोंबलं की दुसरा निम्मा उपाय कागदावरूनच नाहीसा होतो. पुण्यात हवामान खात्याचं एवढं मोठं कार्यालय आहे. शहराचा स्वतःचा रकाना तयार करायला आणखी कुणाची परवानगी हवी?

महापालिका मिळकतकरात सवलत देते ती सोलर, गांडूळखत आणि पावसाचं पाणी जिरवणं यांना. एक केलं तर ५ टक्के, दोन केली तर १०. चांगलंच आहे. पण तिन्ही गोष्टी इमारत झाल्यावर बाहेरून जोडायच्या आहेत. मुळात उष्णता आत येऊच दिली नाही, पश्चिमेची भिंत झाकली, वरची गच्ची पांढऱ्या चायना मोझॅकने मढवली, झाडाला खरी जमीन ठेवली, तर त्याला सवलत नाही. खरी जमीन म्हणतो, कारण तळघरातलं पार्किंग प्लॉटच्या कडेपर्यंत गेलं की वर उरते ती स्लॅबवर टाकलेली दोन-तीन फूट माती. ब्रोशरमध्ये तिला 'जंगल' म्हणतात. त्या मातीत वड-पिंपळ सोडाच, कडुलिंबही धड वाढत नाही, आणि पाणी जिरायला तर वावच नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने एका रात्रीत जे केलं त्यामागे अशा बुजवलेल्या जमिनीचाही वाटा होता, निदान मला तरी तसं वाटतं.

यावरचा रास्त आक्षेप मला माहीत आहे. पूर्वी बाल्कनी एफएसआयमधून काही प्रमाणात मोकळी होती, मग लोकांनी काय केलं? 'बाल्कनी आत घेतली.' पुण्यात हा जवळजवळ गृहप्रवेशाचा विधी आहे: वास्तुशांत, दूध उतू घालणं, बाल्कनी आत घेणं. बिल्डरने मोकळ्या क्षेत्राचे पैसे लावले, ग्राहकाने काच लावून हॉल मोठा केला, महापालिकेने दंड घेऊन ते नियमित केलं. या लबाडीला कंटाळूनच सगळं मोजायचा नियम आला, आणि तो करणाऱ्यांचा त्रागा मला समजतो. तरीही चोरीच्या भीतीने सगळ्यांची पडवी काढून घेणं हा उपाय झाला नाही. सूट खासगी बाल्कनीला देऊ नका. ती पश्चिमेच्या अशा गॅलरीला द्या जी आत घेताच येणार नाही. जी दोन-तीन घरांची सामायिक असेल, जिच्यावर येण्या-जाण्याचा हक्क सगळ्यांचा असेल, जिच्यात स्लॅबच्या कडेला उंबरा-कोनाडा काही नसेल. भोगवटा पत्र दिल्यानंतर पाच वर्षांनी पुन्हा तपासा. काच दिसली तर ते क्षेत्र सोसायटीच्या करात चढवा. सोसायटीच्या करात चढणार म्हटल्यावर शेजारीच पहारा देतील, त्यासाठी इन्स्पेक्टर लागणार नाही. पुणेकराचा एवढा उपयोग तर होऊ द्या.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. रात्री खिडकी उघडायची कशी? डास, डेंगी, बांधकामाची धूळ, मंडपातला डॉल्बी, हायवेचा आवाज. खिडकी उघडणं ही एकट्या घराची गोष्ट राहिलेली नाही. शांत, सावलीचा रस्ता नसेल तर कितीही शहाणी खिडकी बंदच राहणार. म्हणून रस्त्यावरची झाडं तोडून उड्डाणपूल आणि मग उड्डाणपुलाच्या खांबावर कुंड्या, या क्रमाला घरांच्या गारव्याशी काही संबंध नाही असं कुणी समजू नये.

एवढा वेळ मी एसी परवडणाऱ्यांबद्दल बोललो. जनता वसाहतीत, येरवड्यात, ताडीवाला रोडला पत्र्याखाली राहणाऱ्याला दुपार म्हणजे काय असते? अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांतली छपरं पांढरी रंगवायचा कार्यक्रम हाती घेतला. चुन्याचा हात, एवढाच खर्च. आपल्याकडे त्या वस्तीला उत्तर म्हणून जी पुनर्वसनाची इमारत मिळते ती बहुतेक वेळा इतकी खेटून बांधलेली असते की खालच्या मजल्यांना दिवसाही दिवा लावावा लागतो. पत्र्याच्या घराला निदान दारासमोर ओटा होता. बायका तिथे निवडायला, बोलायला, रात्री वारा खायला बसत. नव्या इमारतीत त्याची जागा लिफ्टसमोरच्या अंधाऱ्या बोळाने घेतली. चाळीसारखी बाहेरची गॅलरी दिली असती तर तोच ओटा सातव्या मजल्यावर गेला असता. खरं म्हणजे सूट द्यायला सुरुवात इथूनच व्हावी, कारण इथे गॅलरी आत घ्यायला कुणाकडे पैसे नसतात.

यातलं बरंचसं जुन्या शहरात आता होणार नाही. पण पुणं अजून बांधून संपलेलं नाही. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३: सूस, म्हाळुंगे, वाघोली, मांजरी, नऱ्हे. तिथल्या शेतांवर रस्त्यांच्या आणि प्लॉटांच्या रेघा ओढायचं काम चालू आहे किंवा व्हायचं आहे. रस्ता उत्तर-दक्षिण गेला की त्याला समांतर उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या लांब बाजू पूर्व-पश्चिमेला तोंड करतात, आणि त्यांच्या निम्म्या खोल्या मावळतीच्या उन्हात जातात. रस्ता पूर्व-पश्चिम ठेवला तर लांब बाजूंना उत्तर आणि दक्षिण मिळते आणि दोन फुटी छज्ज्यावर काम भागतं. ओढे, उतार, आधीच्या गाडीवाटा यांमुळे प्रत्येक ठिकाणी ते जमणार नाही, पण जिथे जमण्यासारखं आहे तिथे नगररचना खात्याला त्यासाठी एक पैसा जादा लागत नाही. आराखडे प्रसिद्ध झाले की हरकती-सूचना मागवतात, आणि हरकत घेण्यात पुणेकराचा हात कुणी धरू शकत नाही. आजवर त्या बहुतेक आरक्षण उठवण्यासाठी आणि रस्ता शेजाऱ्याच्या जागेतून नेण्यासाठी आलेल्या आहेत. रस्त्याची दिशा का अशी, एवढं विचारणारी एखादी हरकत येत्या आराखड्यावर वाघोलीतून किंवा सूसमधून गेली, तर सुनावणीच्या टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला तिचं उत्तर शोधावं लागेल.